टाकीतलं बोट

ताई : बोट काढ म्हणतेय ना!

धाकटा : काढलं की पाणी थेट मदरबोर्डवर. आणि तसंही ते निघत नाहीये. म्हणजे या मुद्द्यावर बोटाचं आणि माझं एकमत आहे.

ताई : कधीपासून अडकलंय?

धाकटा : साडेसातपासून.

ताई : अरे, अकरा वाजत आले! मला हाक मारायची ना!

धाकटा : बाबांनी तुला रात्रभर जागवलं. पहाटे कुठे तुझा डोळा लागला होता.

ताई : पण टाकी तर चांगली विकतची आणली होतीस. कॉम्प्युटर गार ठेवायला खास बनवलेली.

धाकटा : हो, पण तिचं खालचं बूच मला लेचंपेचं वाटलं. म्हणून ड्रिलने भोक वाढवून पिंपाचा नळ बसवला. तो आज सकाळी निखळला.

ताई : पिंपाचा नळ? कॉम्प्युटरमधून पाणी कोण पिणार होतं?

धाकटा : पाणी बदलायला सोपं म्हणून. पंप मात्र माशाच्या टाकीतला घेतला. झकास चाललाय.

ताई : आणि मासा?

धाकटा : कुकरमध्ये. झाकण लावलेलं नाही, घाबरू नकोस.

ताई : बंद कर तो कॉम्प्युटर. आत्ताच्या आत्ता.

धाकटा : करतो. तू आखलेल्या इमारतीचं चित्र रंगतंय त्यात, सकाळी साडेसहापासून. ब्याऐंशी टक्के झालंय. बंद केलं की पुन्हा शून्यापासून.

ताई : ब्याऐंशी?

धाकटा : करू?

ताई : बोट हलवू नकोस. बारापर्यंत पाठवायचंय मला ते. खालच्या मजल्यावर मोरीचं काम चाललंय, त्या प्लंबरकाकांना घेऊन येते.

(ती प्लंबरला घेऊन येते.)

प्लंबर : कुठं गळतंय?

धाकटा : गळत नाहीये, काका. बोट आहे.

प्लंबर : तीस वर्षं नळ बसवतोय. बूच बोलताना आज पहिल्यांदा ऐकलं. नळाला आतून वॉशर लावला होता का?

धाकटा : वॉशर शेवटी उरला.

प्लंबर : तो उरत नसतो, बाळा.

ताई : काका, नळ परत बसवा ना.

प्लंबर : टाकी रिकामी केल्याशिवाय कसा बसवू? पाणी चांगलंच कोमट झालंय, त्यानं बोट सुजलंय. वरून बर्फ टाका. बोट आकसेल.

ताई : टाकतेच! प्रोसेसर नव्वद अंशांवर गेलाय. पंच्याण्णवला आपोआप बंद पडेल.

धाकटा : पण बोट आकसलं तर सुटेल.

प्लंबर : मग दाबून धर. तेवढं तरी येईल ना?

ताई : हा घ्या बर्फ. सगळाच ओतते. उतरतोय आकडा... शहाऐंशी... चौऱ्याऐंशी. बाबांची घंटा! मी त्यांना कुशीवर वळवून येते. तू त्या आकड्यावर लक्ष ठेव.

धाकटा : दुसरं करण्यासारखं काही नाहीच माझ्याकडे.

प्लंबर : वडील अंथरुणाला खिळलेत का?

धाकटा : दोन वर्षं झाली. आम्ही पाळ्या लावल्यात. दिवस माझा, रात्र तिची.

प्लंबर : अरे, तुझं बोट सुटलं की!

धाकटा : हळू बोला.

प्लंबर : काढ मग. मी लावतो माझा अंगठा.

धाकटा : तुमचा अंगठा आत जायचा नाही. भोक माझ्या मापाचं झालंय.

प्लंबर : एवढं कसलं चित्र म्हणायचं हे?

धाकटा : मला म्हणाली, ऑफिसचं आहे. पण फाईल लावताना शेजारचं पत्र दिसलं. परगावची नोकरी आहे. मुलाखती झाल्यात. हे चित्र आज बाराच्या आत पोचलं, तर सोमवारी हजर व्हायचं.

प्लंबर : आणि तुला विचारलं नाही?

धाकटा : विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. नाही विचारलं तेच बरं.

प्लंबर : पोरा, आता बोट निसटलं तरी कुणी तुला बोल लावणार नाही. अपघात म्हणतील.

धाकटा : माहितीये. अडकलेलं होतं तोवर बरं चाललं होतं, काका. डोक्याला काही काम नव्हतं.

प्लंबर : मग आता?

धाकटा : पेटके यायला लागलेत. जरा माझं कोपर धरता का?

प्लंबर : धरलंय.

ताई : झोपले परत. किती झालं?

धाकटा : अठ्ठ्याण्णव.

ताई : पावणेबारा झाले. बोट निघतंय का रे?

प्लंबर : कुठलं निघतंय! चांगलंच रुतलंय.

ताई : नव्व्याण्णव. देवा, चल ना. सरक.

धाकटा : देवाला नको सांगूस, त्याला बर्फ टाकायला सांग.

ताई : शंभर! सरक तिकडे... नाही, सरकू नकोस. मी वाकून करते. जोडलं. पाठवलं. गेलं... गेलं रे! पोच आली!

धाकटा : किती वाजले?

ताई : बाराला सहा कमी.

धाकटा : काका, पंपाची पिन काढा. आणि खाली बादली धरा.

ताई : ऐक ना. ते चित्र... ऑफिसचं नव्हतं. मी तुला आधीच सांगणार होते, पण दर वेळी...

धाकटा : ताई, बाबांच्या रात्रीच्या गोळ्या. आधी पांढरी द्यायची की पिवळी? तेवढं लिहून ठेव.