केबल काढल्यावर

नीरजा : लॅपटॉपची केबल लावलेली होती की नव्हती, एवढंच सांग.

उत्कर्ष : चाचणीत? लावलेलीच असणार. त्याशिवाय आकडे दिसतात कुठे?

नीरजा : तिन्ही महिने?

उत्कर्ष : हा ने, तिन्ही. का?

नीरजा : मी आत्ता केबल काढून आपला दुसरा सिरिंज-पंप नुसत्या बॅटरीवर चालवला. तासाभरात अकरा मिनिटं मागे पडला.

उत्कर्ष : शक्य नाही. प्रोसेसरच्या आतला टायमर घेतलाय मी. सगळ्यात अचूक तोच आहे.

नीरजा : जागा असेपर्यंत. बॅटरी वाचवायला प्रोसेसर झोपतो, तेव्हा तोही थांबतो. मग कर्नलला, म्हणजे पंप चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, वेळेचा ठोका देणार कोण? बाहेरचा टायमर घेऊ म्हणत होते मी. ढोबळ आहे, पण कधी झोपत नाही.

उत्कर्ष : केबल असली की प्रोसेसर झोपतच नाही.

नीरजा : म्हणून तर आपल्याला दिसलं नाही. आणि भास्करराव सर पहिला पंप घेऊन सकाळीच पादरा गावच्या दवाखान्यात गेलेत. आज पेशंटला लावणार होते.

उत्कर्ष : वीस मिनिटं दे. टायमर बदलतो, गाडी काढतो, गुपचूप नवा प्रोग्रॅम टाकून येतो.

नीरजा : तोवर पेशंटला औषध कमी जाईल त्याचं काय? फोन कर.

उत्कर्ष : सर तोंड बघणार नाहीत माझं. अख्ख्या मकरपुऱ्यात सांगत फिरलेत, आमच्या पोराने बनवलाय म्हणून.

नीरजा : मला भीती वाटतेय, उत्कर्ष. तू कर, नाहीतर मी करते.

उत्कर्ष : थांब, लावतोय. सर? पंप आधी बंद करा. औषध हळू जातंय. टायमर चुकीचा निवडला मी.

भास्करराव : (पादऱ्याहून, फोनवर) बंदच आहे. इथल्या मृदुला सिस्टरने तासापूर्वीच काढला.

उत्कर्ष : त्यांना कसं कळलं?

भास्करराव : मनगटावरचं घड्याळ धरून सिरिंजच्या रेघा मोजत होती. औषध मागे पडतंय म्हणाली.

उत्कर्ष : आणि पेशंट?

भास्करराव : ठीक आहे. तिने वेळेत दवाखान्याचा पंप लावला. मीच भांडलो तिच्याशी, सगळ्या वॉर्डासमोर. म्हटलं, आमच्या उत्कर्षचा पंप चुकत नाही, तुमचं घड्याळ दुरुस्तीला द्या.

उत्कर्ष : सर, मी येतो तिकडे.

भास्करराव : ये. तिची ड्यूटी सहाला संपते, त्याच्या आत ये. माफी मागायला मी एकटा पुरणार नाही.