अण्णांसाठी घेतलेली ड्रम सँडर

मोठी मशीन सोडून ही छोटी ड्रम सँडर का घेतली, असं उदगिरात मला सगळेच विचारतात. खरं कारण आज सांगतो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, जन्मभर सुतारकी केलेला माणूस. दोन वर्षांपासून हात थरथरतात, रंधा धरवत न्हाई. या मशीनला खुर्चीवर बसून फळी नुसती पुढं सरकवली की पट्टा ती ओढून घेतो आणि ड्रमवरचा पॉलिशपेपर घासतो. पण हे अण्णांना सांगायची माझी हिंमत झाली न्हाई.

मशीन बघून ते एवढंच म्हणाले, "म्हंजे आता माझं काम संपलं."

मी मशीन चालू करून सागवानाची फळी घातली. ड्रम जास्तच खाली घेतला होता. फळीवर काळा, जळका डाग उठला.

अण्णा ताडकन उठले. "लई घाई करायलास! एका वेळी कागदाच्या जाडीएवढंच घासावं."

त्यांनी चाक फिरवून ड्रम वर घेतला, खुर्ची ओढली आणि तीच फळी चार-पाच वेळा सरकवली. हात थरथरत होते, फळी मात्र सरळ जात होती. डाग गेला.

मी भीत भीत विचारलं, "अण्णा, उद्यापासून तुम्हीच बसता का इथं?"

"बसावंच लागंल," ते म्हणाले. "तुला कुठं येतंय?"