पान दोनशे बारा

(अमेरिकेतलं नेपरव्हिल. रविवारची सकाळ, बाहेर बर्फ. डायनिंग टेबलावर जर्मनीहून आलेलं पत्र.)

मनोहर: कॅन्सल! हॉल कॅन्सल, केटरर कॅन्सल! त्या फेलिक्सला फोन लाव, आत्ताच्या आत्ता.

शिवांगी: बाबा, लग्न माझं आहे. आणि तीन वीकवर आलंय.

मनोहर: म्हणूनच! नीलू, चहा राहू दे, इकडे ये. त्याचा तो जर्मनीतला आजोबा काय लिहितोय, ऐक.

शिवांगी: ग्रँड-अंकल. फॅमिलीचा हेड आहे तो. "फाल्कनरोड राजघराण्याच्या नियमाप्रमाणे हा विवाह बरोबरीचा नाही. घराण्याच्या ग्रंथात प्रिन्स फेलिक्स अविवाहित राहतील." आणि खाली मी साइन करायची, की मला हे मान्य आहे.

मनोहर: अविवाहित! माझी मुलगी त्याचा संसार करणार, उद्या पोरंबाळं होणार, आणि पुस्तकात तो बिनलग्नाचा? अरे, राज्य जाऊन शंभर वर्षं झाली! प्रिन्स म्हणे! इथे हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवतो, आपल्या ड्राइव्हवेतला बर्फ काढतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही मेल्यांचा.

नीलांबरी: बर्फ मात्र छान काढतो हो.

मनोहर: तुला चेष्टा सुचतेय? तू सही केलीस का गं?

शिवांगी: ऑफकोर्स नाही. आणि फेलिक्सने काल त्यांना रिप्लाय केला. शिवांगीचं नाव घालणार नसाल तर माझंही खोडा.

मनोहर: खोडा म्हणाला? स्वतःचं?

शिवांगी: हो. त्याची आजी फोनवर रडली, तरी.

मनोहर: मग... मग पोरगा बरा आहे. हॉल राहू दे. पण त्या थेरड्याची हिंमत कशी होते? जितंजागतं माणूस पुस्तकातून पुसून टाकायचं? लाज नाही वाटत?

नीलांबरी: शिवांगी, बेसमेंटमधून आपला कुलवृत्तांत आण गं. लाल बाइंडिंगचा.

मनोहर: त्याचा इथे काय संबंध?

नीलांबरी: तुम्हीच संपादक ना? दोन वर्षं खपलात. पार टोरांटोच्या चुलतचुलत्यांना ईमेल करून त्यांच्या नातवंडांच्या जन्मतारखा मागवल्यात.

शिवांगी: आणायला नको आई, माझ्या फोनमध्ये फोटो आहे. पान दोनशे बारा. "मनोहर. बहीण पद्मिनी, अविवाहित."

मनोहर: ते... अण्णा होते तेव्हा. त्यांनी बजावलं होतं, माझी पोरगी असली तरी जातीबाहेर गेली, लिहायचं नाही. आपल्या घराण्यात...

शिवांगी: नियम आहे. एक्झॅक्टली!

मनोहर: उलट बोलू नकोस!

शिवांगी: बोलणार! चोवीस वर्षं झाली आत्याच्या लग्नाला. दोन मुलं आहेत तिला. आय अ‍ॅम सो अँग्री विथ यू, बाबा! तुम्ही एडिटर होता. एक लाइन टाइप करायची होती. नाहीतर म्हणायचं होतं, माझंही खोडा.

नीलांबरी: पत्रिकांच्या यादीतही नाहीये ती. मी तीनदा लिहिलं, तीनदा तुम्ही काट मारलीत. आज लेकीवर आलं तेव्हा कळ लागली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मनोहर: दोघी मिळून उठलाय माझ्यावर. ठीक आहे. घाल यादीत. मुलांची नावं काय तिच्या?

नीलांबरी: मला नका विचारू. नागपूरला आत्ता संध्याकाळचे साडेसात झालेत. तिलाच विचारा.

मनोहर: इतक्या वर्षांनी? शिव्या घालेल मला.

नीलांबरी: घालू दे की. चोवीस वर्षांच्या साठल्यात.

शिवांगी: लावू फोन?

मनोहर: लाव. पण स्पीकरवर नको टाकूस.