जगाले रामराम

...नाही, तुमीच सांगा ना, बसलेच हा तं आयका, वारासिवनीची बस काही इतक्यात येत नाही... माणसानं भाषा कोणती शिकावी? जे बोललं का समोरचा काहीतरी बोलन, का नाही? आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी, अन् कचेरीत गेलं का हात जोडून चुपचाप उभं राह्यणं, इतक्यात माह्यी जिंदगी निंगून गेली. अन् माह्यी नात श्रिया, तिकडं बंगलोरले कम्पुटरच्या नोकरीत हाय, हप्ताभर सायबाचं काम करते, अन् सुट्टीच्या दिवशी अश्या अश्या भाषा शिकते का ज्या भाषेत कोनी कोनाले पाणीबी मागत नाही. मशीनसंगं बोलाच्या भाषा. म्या इच्यारलं, बेटा, याचा उपेग काय? तं म्हणते, "कुछ नहीं आबाजी, मजा येते." आता मजेले म्या काय म्हणू, जिंदगीभर म्या दुसरं काय केलं...

पण गंमत आयका. कोणतीबी भाषा शिकली का पयले काय करते, तं जगाले रामराम घालते. रीतच हाय म्हणे त्या लोकाईची. चार ओळीचा पोग्राम लिवला का मशीन म्हणते, रामराम जगा. एका भाषेत सारे बाणच बाण, जशी कोंबडी चिखलातून पळत गेली, त्यातून रामराम. एक भाषा तं भाजीच्या कृतीवानी, इतकं मीठ टाका, इतकं ढवळा, अन् शिजून निंगते काय, तं रामराम. आमची घरवाली विमलाबाई म्हणे, "मीठ जास्त पडलं तं शिव्या देत असन का मशीन?" साऱ्या जगाले रामराम, अन् आमाले फोन नाही. मंग आमी काय जगाच्या बाहेर राह्यतो?

बरं, फोन नाही तं नाही, पण माह्या ताटाचं काय? धान निंगला, नवा तांदूळ घरात येऊन पडला, अन् विमलाबाई म्हणते, "पोरगी आल्याबिगर नवं करत नाही." आमच्याइकडं नवं म्हणजे घरच्या साऱ्याईनं संगं बसून पयला भात खाचा. म्हणून नव्या तांदळाच्या पोत्याले टेकून म्या जुना भात खाऊन राह्यलो. पोतं काय घमघमते, तुमाले सांगतो...

तं एक डाव तिचा फोन आला. म्हणते, आबाजी, एक भाषा अशी हाय का त्यात काहीच दिसत नाही. सारं कोरं. लहान खाली जागा, मोठी खाली जागा, अन् खालच्या ओळीत उतरणं, बस. म्या म्हटलं, अवो, हे तं माह्यीच भाषा झाली, शाळेत माह्यी पाटी अशीच राहे, गुर्जीले वाचता आली नाही त्याले म्या काय करू. अशी हासली, अशी हासली पोरगी... अन् तिनं माह्या मोबाईलवर एक पान टाकून देलं. तीन बटनं, दाबत जा, अन् शेवटी मोठ्ठं बटन दाबलं का सारं तिच्या मशीनीत, अन् मशीन काय म्हणते ते माह्या मोबाईलवरबी दिसते. म्हणते, "जगाले रामराम लांब पडते आबाजी, तुमी नुसता एक काढा. एकाचा आकडा."

म्या पयले काय केलं, ते कोरं पान आमच्या गावच्या शाळेतल्या घनश्याम गुर्जीसमोर धरलं. म्हटलं, नातीची चिठ्ठी हाय, वाचा. त्याईनं चष्मा पुसला, मोबाईल उलटा केला, उन्हात गेले, सावलीत आले, अन् म्हणते, "डोमाजी, अक्षर लई बारीक हाय."

मंग बसलो अन् देल्ली बटनं दाबून, जशी पडन तशी. पाठवलं. अन् लगेच फोन.

"आबाजी, चूक हाय."

म्हटलं, म्या काही लिवलंच नाही तं चूक कोठून आली?

"हाय ना, दुसऱ्या ओळीत."

"काय हाय दुसऱ्या ओळीत?"

"काहीच नाही."

"मंग?"

"ते काहीच नाही तेथं नाही पाह्यजे, त्याच्या बाजूले पाह्यजे."

आता घ्या. पण ते समजावता समजावता इकडचं तिकडचं निंगालं, विमलाबाईनं फोन हिसकला, जेवली का, वाळली का, सारं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चूक, पुन्हा फोन. तवा माह्या डोक्यात उजेड पडला. मंग काय, सकाळचा चहा झाला का एक चूक कराची, पाठवाची, अन् फोनपाशी बसाचं. पयले पोरगी "ओके, रखती हूँ" म्हणे, तिच्या तोंडून एक दिवस निंगालं, "काहून असं करता हो आबाजी?" अगदी विमलाबाईचं काहून. म्या मुद्दाम पुन्हा चुकलो, तेवढं आयकाले. शेवटी टेकीले आली बिचारी. म्हणते, "फोनवर होत नाही हे, समोर बसून शिकवा लागन. येतो म्या." विमलाबाईनं त्याच दिवशी नव्या भातासाठी मोठा गंज, भात शिजवाचं भांडं, घासून ठेवला. म्या म्हटलं, पाह्य, जगाले रामराम गेला उडत, आमीबी जगातच राह्यतो.

अन् परवा... काय सांगू तुमाले. वावरात जाची घाई, एका हातात इळा, न पाह्यता दाबलं अन् पाठवलं. बरोबर निंगालं. मशीन म्हणते, एक. रोज रोज तेच आयकून बोटंच शिकून गेलती ना बाप्पा. वाट पाह्यली, फोन नाही. मोबाईलवर नुसता एक अंगठ्याचा फोटू आला, अन् संगं तिचा आवाज, "वा आबाजी, अब तो मेरे आने की जरूरत ही नहीं." जिंदगीभर लोकाईच्या कागदावर अंगठा म्या लावला, अन् पोरीनं माह्या कामावर लावला. विमलाबाई इच्यारते, "काय म्हणे पोरगी?" म्हटलं, बरोबर निंगालं म्हणे. तिनं गंज फळीवर उलटा ठेवला, अन् जुना भात वाढला.

आता तवापासून इथं बस थांब्यावर बसून बटनं दाबून राह्यलो. हे पाह्या, आजबी एकच निंगाला. चुकाचं शिकून राह्यलो बाप्पा, पण बोटं आयकत नाही.