शेवट बोटीवर!

...नाही, मला सांगा, 'हलकंफुलकं' म्हणजे नेमकं किती हलकं? कारण आमचे संपादक, साप्ताहिकाचे हो, ज्यात मी वर्षानुवर्षं सदर लिहितोय आणि जे तुमच्यापैकी कुणीही वाचत नाही, वाचत असता तर एव्हाना मला त्या बाकावर जागा दिली असती, असो, तर संपादकांचा फोन! "अहो, निघालात ना शेवटी बोटीच्या प्रवासाला? वा वा! मग निघण्यापूर्वी एक झकास लेख टाका. सध्या काय बघताय, काय वाचताय, काय ऐकताय... तुमच्या आवडत्या गोष्टी! हलकंफुलकं! बोट सुटायच्या आत पाठवा!" आता आली का पंचाईत? कारण तुम्हाला सांगतो, तोवर मला आवडलेल्या एकाही गोष्टीचा शेवट मला ठाऊक नव्हता!

हसताय? हसा. त्या खिडकीतला माणूस मघापासून बोट 'आलीच' म्हणतोय, तेव्हा तुम्हालाही काम नाही आणि मलाही.

ही सगळी आमच्या ताईची करणी. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. मेहुणे गेल्यावर माझ्याकडे राहायला आली. तिच्या मते मीच तिच्याकडे राहत होतो, घर माझं होतं, पण ते तिला कोण सांगणार? मी लग्न केलं नाही असं कुणाला म्हणालो, की स्वयंपाकघरातून आवाज, "कुणी केलं नाही असं म्हण!" साठी उलटली माझी, तरी हाक आपली 'छोट्या!' आणि तीही चारही मजल्यांना पुरेल अशी. लहानपणी कुठल्याशा कॅलेंडरवर हिने पांढरी बोट पाहिली, तेव्हापासून एकच ध्यास, बोटीने जायचं! आधी शिक्षण आडवं आलं, मग संसार आडवा आला, मग मेहुण्यांना पाण्याची भीती, मग हिचे गुडघे... आणि शेवटी एकदाची तिकिटं काढली! तीन दिवसांचा प्रवास! तर तिकिटं हातात पडल्या पडल्या बाईसाहेबांना काळजी. "तीन दिवस नुसतं पाणी बघायचं? आणि तुझं तोंड? छे!" आणि लगेच फतवा! आजपासून जे जे आवडेल त्याचा शेवट राखून ठेवायचा. शेवट बोटीवर!

एक कादंबरी मी तिला वाचून दाखवत होतो. दोन सख्ख्या जावा, भांडून घराच्या मधोमध भिंत घालतात, वीस वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, आणि मग एके दिवशी भिंत पाडायला गवंडी बोलावतात, गवंडी येतो, हातोडा उचलतो... खट्! ताईने पुस्तक मिटलं. शेवट बोटीवर! अहो, तो गवंडी अजून हात वर करून उभा आहे! खांदा भरून आला असेल बिचाऱ्याचा! एक श्रुतिका ऐकत होतो, दुसऱ्या अंकाच्या शेवटी दारावर थाप पडते आणि आतली बाई म्हणते, "कोण आहे?" कोण आहे? मला काय माहीत! शेवट बोटीवर!

आणि ती खुनाची मालिका! आठ भाग. सात बघितले, ताईच्या टॅबवर. बंगल्याचा मालक मेला, मारला कुणी? मी म्हटलं माळी. ताई म्हणाली डॉक्टर. का? तर पहिल्याच भागात त्याने बहिणीचा फोन कट केला म्हणून! "जो माणूस बहिणीचा फोन कट करतो ना छोट्या, तो काहीही करू शकतो." हा पुरावा! मी म्हटलं, "ताई, मी लेखक आहे, मला कळतं गोष्ट कुठे वळते ते." तर म्हणते, "तुला काय कळणार डोंबल! तुझ्या एका तरी गोष्टीला शेवट आहे का?" मी म्हटलं, "तो मोकळा शेवट असतो." "मोकळा कसला? तुला सुचत नाही!" रोज जेवताना हेच. माळी! डॉक्टर! माळी! डॉक्टर! शेजारीण एकदा घाबरून विचारायला आली, घरात कोण आजारी आहे म्हणून.

...तेव्हा कुणी नव्हतं हो.

मग झालं. ताईला श्वास लागायला लागला, दवाखान्यात नेलं, आणि तिथेही हिचा टॅब उशीखाली. मला सारखी बाहेर पिटाळायची. "जा, चहा पिऊन ये. सावकाश पी." आलो की, "बिस्किटं नाही आणलीस?" आणली की, "ही नकोत, ती दुसरी." मला वाटायचं, बघा, एवढ्या आजारपणातही भावाच्या पोटाची काळजी! आणि एका दुपारी मी बिस्किटं बदलून परत आलो, तर माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "छोट्या, विचार केला मी. माळीच आहे. तुझं बरोबर."

तुझं बरोबर! आयुष्यात पहिल्यांदा! मी हवेत! नर्सला सांगितलं, लिफ्टवाल्याला सांगितलं...

दोन दिवसांनी ताई गेली.

तिकीट रद्द करायला इथल्याच खिडकीवर आलो, तर हाच इसम काय म्हणाला माहितीये? "प्रवाशाला स्वतः यावं लागेल." अहो, ती येऊ शकली असती, तर रद्द कशाला केलं असतं मी? म्हटलं राहू दे. माझ्या शेजारचा बिछाना तिच्या नावावर आहे, तो मोकळा जाईल. तिचा स्वेटर घेतलाय बरोबर, वारा असतो म्हणे बोटीवर.

आणि आज सकाळी, एका पायात बूट, एक पाय मोकळा, टॅब उघडला. बोटीवर नेट नाही, म्हटलं शेवटचा भाग उतरवून घेऊ. तर टॅब मला म्हणतो, "हा भाग पाहून झाला आहे. पुन्हा पाहायचा?" झाला आहे? कुणी पाहिला? मी तर नाही! आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला... चहा! बिस्किटं! 'सावकाश पी'! फसवलं हो! स्वतःच काढलेला फतवा स्वतःच मोडला! काय संतापलो मी! आणि मग तसाच बॅगेवर बसलो. कारण ताईने वाट बघितली नाही म्हणजे... तिला कळलं होतं. आपल्याला बोट मिळत नाही, हे तिला कळलं होतं, आणि मी दुकानात उभा राहून बिस्किटांचे पुडे चाचपत होतो. रडलो मी, खोटं कशाला सांगू? एका बुटात बसून रडलो.

आणि मग म्हटलं, आता कसली बोट न् कसलं काय, लावला भाग. शेवटचं दृश्य. दिवाणखाना. सगळे जमलेत. माळी कोपऱ्यात उभा, हातात टोपी, गरीब गाय. आणि पुढे येऊन कबुली कोण देतो?

डॉक्टर!

अहो, जिंकली होती ती! 'तरी मी सांगत होते' हे जिचं जन्मभराचं पालुपद, तिच्या हातात हुकमाचा एक्का होता, आणि तो उशीखाली सारून ती माझ्याकडे बघून...

...आली वाटतं बोट. पांढरीच आहे. चला, उठा, सामान घ्या. त्या गवंड्याचा हात तरी खाली आणतो मी आज. आणि संपादकांना काय कळवू? हलकंफुलकं? उभ्या जन्मात ताई मला एकदाच म्हणाली, "छोट्या, तुझं बरोबर..."

आणि तेही चूक निघालं!