दारापुढचा ब्रेकर

— नाई नाई, आधी चहा घ्या प्रेमसिंगभाऊ, मंग टिकास उचला. ब्रेकर फोडाले तुमाले नगरपालिकेनं धाडलं, मीच अर्ज केलता, सारं खरं — पण घोटभर चहाले कितीक वेळ लागते? फक्त हळू बोला. आत नाहिद पडली आहे. तिले मी सांगतलं का नाली साफ करणारे आले म्हणून.

पाह्यलं न किती उंच आहे? सरकारी नाई तो. मोहल्ल्यानं बांधला, रागारागात बांधला, म्हणून एवढा झाला. माही नाहिद इथंच कापसाच्या मेटाडोरखाली आली न — दळण घेऊन येत होती पोरगी — कमरेखालून पायच गेले तिचे. मंग अय्यूब मिस्त्री, धावजी, सारे जमले, पडक्या भिंतीचे दगड आणले, वरून डांबर ओतलं. जिथं पोरगी पडली तिथंच पाह्यजे म्हणे. मीच त्याईले भाकरी वाढल्या. अन् गाडीवाले तरी कायले थांबतीन? पलीकडं जिनिंगचं फाटक, कापसाचा भाव रोज उतरून राह्यला, जो तो म्हणते आजच माप झालं पाह्यजे. त्याईचंही खोटं नाई. पण ब्रेकर झाला तवापासून गल्लीतल्या एका लेकराले खरचटलं नाई, हे मी खुदाची कसम खाऊन सांगते.

मंग फोडाले काहून सांगतलं म्हणता? भिंतीले तडा गेला म्हणून — नाई, तडा तर गेलाच, पण तडा कोण पाह्यते हो? भरली गाडी ब्रेकरवरून धपकन उतरली का भिंत हालते, भिंतीसंगं खाट, खाटेसंगं तिची कंबर. पाय मेले, पण कंबर जिती आहे न. खाट कुठं सरकवू? एकच खोली, मागं नाला. गादीवर गादी टाकली — मी गाद्याच भरते, हाच धंदा — इथं गाडी उसळली का कापूस सांडते, तोच वेचून भरली तिची गादी. फरक नाई पडला. ब्रेकर दोन घरं पुढं घ्या म्हटलं, तर वच्छलाबाई म्हणे माही भिंत मातीची आहे. अय्यूब म्हणे दुकानापुढं नको. ब्रेकर साऱ्याईले पाह्यजे, दारापुढं कोणालेच नको. मलेही नको, मी कोणाले काय म्हणू?

तुमाले नातू आहेत? — हां. मंग तुमाले समजन. वच्छलाबाईची नात रोज इथं रस्त्यावरच सागरगोटे खेळते. मी तिच्याकडं पाह्यते, मंग खाटेकडं पाह्यते. ठेवला तर माह्या पोरीचे हाल, फोडला तर तिची नात गाडीखाली. मधातच अडकली मी, भाऊ. कोणाजवळ बोलू? अर्ज केला तवापासून वच्छलाबाईनं बोलणं टाकलं —

थांबा. गाडी येऊन राह्यली. भरलेली आहे, आवाजावरूनच समजते. — उतरली. ऐकलं तुमी? आतून काही आवाज आला? नाई न? पहिले किंचाळे पोरगी, साऱ्या गल्लीत ऐकू जाये. आता चूप राह्यते. मले वाटलं, दुखणं कमी झालं असंन. आज सकाळी गादीची खोळ धुवाले काढली, तर कोपरा सारा दातानं चावलेला — ओला, फाटलेला. मी विचारलं, हे काय नाहिद? तं म्हणे, अम्मी, मी ओरडली का तू ब्रेकर फोडशीन.

अर्जाचं तिले कोणी सांगतलं, मले माहीत नाई. कोणी खिडकीतून बोललं असंन. अन् मी म्हटलं, नाई बेटा, कोण फोडते.

झाला चहा? ठेवा कप तिथंच. टिकास घ्या अन् जा. साहेबाले सांगा, बाईनंच नाई म्हटलं. नाई, परत येऊ नका. माह्याकडं असं पाहू नका, मले बरं नाई वाटत त्यानं — आवाज देऊन राह्यली ती. हो बेटा. झाली नाली साफ. चाललेच ते.

जा न भाऊ आता. उभे काहून राह्यले?