गुलाबी पडलेलं पेन

"हॅलो? … हॅलो? … हो, मीच. दुसरं कोण असणार या घरात? … नाही गं, धापा कसल्या. आत्ताच मधाच्या खोलीतून आलो, जिना चढून… नाही, माहीत आहे आपल्या घराला जिना नाही. ओसरीच्या पायऱ्या म्हणायचं होतं. … पायऱ्या चढल्यावरही धाप लागते माणसाला. सत्तरी आली माझी."

रविवारची दुपार होती. चर्च आटोपून, जेवून झेनिया सास्काटून शहरातून भावाला फोन करते, ती वेळ. ओरेस्त स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला होता. शेगडीवर बीटचं सूप गरम होत होतं आणि समोर दोन पेनं पडली होती. लिहायची नव्हेत, मधमाशी चावली तर मांडीत टोचायची, आत ॲड्रेनलिन भरलेली. एक गुलाबी पडलेलं. दुसरं नवं, आतलं औषध पाण्यासारखं. आणि डाव्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याला लागून, डंखाची एक ताजी गांधी होती. तिच्याबद्दल बहिणीला सांगायचं नाही, असं त्यानं नुकतंच ठरवलं होतं.

जन्मभर मधमाश्या पाळलेल्या या माणसाला मागच्या वर्षी डॉक्टरनं बजावलं होतं, की तुमच्या अंगाला आता त्या सोसवत नाहीत, पुढचा डंख शेवटचा ठरू शकतो. ओरेस्तनं ते फार गंभीरपणे घेतलं. नवे हातमोजे आणले.

"… मागच्या रविवारी पेनं फेकतो म्हणालो ते म्हणालो. नाही फेकली. इथंच आहेत, टेबलावर. … काय करतोय म्हणजे? बघत बसलोय. … अगं ऐक ना, तुला व्हिडिओ पाठवला होता, तो पाहिलास? … पूर्ण पाहिलास की मधेच बंद केलास? … बघ! म्हणून तुम्हा नर्सबायांना काही कळत नाही. तो माणूस तासभर जीव तोडून सांगतोय. … कुठं शिकलाय म्हणजे? त्याचा स्वतःचा चॅनेल आहे! … हो, हो… तेच. पोरं पळवायची, त्यांना घाबरवायचं, घाबरलं की अंगात जे उसळतं ते रक्तातून काढायचं. त्याचं होतं ॲड्रेनोक्रोम. ते बडे लोक पितात, म्हातारपण येऊ नये म्हणून. … हसू नकोस. … दिसतात म्हातारे, मान्य. न पिता किती दिसले असते!"

बायको, स्टेफा, गेल्यापासून या घरात बोलणारा तो एकच माणूस उरला होता, तो चॅनेलवाला. शेजारच्या लॉयडनं त्याची ओळख करून दिली. चॅनेलवाला सकाळी कॉफीला हजर असायचा, रात्री झोप येईपर्यंत सोबत करायचा, आणि कधीही घाईत नसायचा. भाच्यांपेक्षा बराच बरा.

"… पुरावा? आहे ना पुरावा. त्या पेनाला छोटी खिडकी असते बघ. … हां, त्यातून आतलं दिसतं. गुलाबी झालंय, झेनिया. स्टेफाच्या त्या लग्नातल्या रिबिनीसारखं गुलाबी. आता सांग, आत काय आहे? … काय? … थांब, थांब. पुन्हा म्हण. … ॲड्रेनोक्रोमच आहे?"

चार महिने तो भांडणाची तयारी करत होता. होकाराची तयारी त्यानं केली नव्हती. टेबलाच्या कडेवर तो तळहात घासू लागला. हात कमालीचे खाजत होते.

"… म्हणजे तू मान्य करतेस. … हं. … हवा लागून? … सफरचंद कापून ठेवलं की तांबूस पडतं, तसं? … आणि उष्णतेनं. … ट्रकच्या खणात होतं. दोन उन्हाळे. … हो, तापतो तो खण. मागे त्यात चॉकलेट वितळून विम्याचा कागद… ते जाऊ दे. म्हणजे कुणी घातलं नाही म्हणतेस. औषध जुनं झालं की त्याचंच ते होतं. … मग ते प्यायल्यावर काय होतं? … तरुण नाही होत? … थोडंही नाही? … कोण म्हणतं, विचारतेस? बरं, म्हणजे कुणीच म्हणत नाही, चॅनेलवाला सोडून. … काय सांगतेस! कारखान्यात बनतं? बाटलीत भरून, प्रयोगशाळांना कुरियरनं? … मग एवढी पोरं पळवायची कशाला? … नाही, तू मला नको विचारू, मी तुला विचारतोय!"

सूप उकळायला लागलं. बंद करायला उठावं असं ओरेस्तच्या मनात आलं, पण पायांचा तसा विचार दिसला नाही. त्यानं लग्नाची अंगठी फिरवून पाहिली. ती फिरेना.

"… आईचं काय मधेच? … मला काय आठवणार, मी अर्ध्या चड्डीत होतो. … गाल? हो, गाल आठवतात. वेड्यांच्या इस्पितळातून सुट्टीवर घरी यायची तेव्हा लालबुंद असायचे. मला वाटायचं थंडीनं. … गोळ्यांनी? कसल्या गोळ्या? … जीवनसत्त्व? त्यानं एवढे लाल होतात? … कशासाठी पण? … काय? तिथल्या डॉक्टरांना वाटायचं की हेच… हेच गुलाबी… माणसाच्या अंगात तयार होतं नि डोकं बिघडवतं? … इथं? आपल्या सास्काचेवान प्रांतात? … लढाईच्या दिवसांत कुणा दमेकऱ्यांनी जुनं, गुलाबी पडलेलं औषध घेतलं, आणि त्यांना भलतंसलतं दिसायला लागलं, त्यावरून? … मग निघालं का खरं? … नाही. … हं. म्हणजे चुकले, पण मनापासून चुकले. … आणि ते तिथून उठलं, तोंडातोंडी फुगत फुगत जगभर गेलं, नि लॉयडच्या फोनमध्ये आलं. … म्हणजे माल आपल्याकडचाच. गहू जातो नि बिस्किटं होऊन परत येतो, तसा."

हे त्याला जरा आवडलंही. मग त्याचा चेहरा उतरला.

"… म्हणजे मी आईसारखा, असं म्हणायचंय तुला? … मग आईचं नाव कशाला काढलंस? … तिला दुधात विष दिसायचं, मला काही… … नाही, घसा बसलाय नुसता. धूर गेला असेल. मधाच्या पेट्यांना धूर… माहीत आहे मी रविवारी काम करत नाही! एक पेटी बघायला गेलो होतो. एकच. राणी बरी नव्हती तिथली. … … हो, चावली, मनगटावर. … ओरडू नकोस. झेनिया, ओरडू नकोस, तुझा नवरा दचकेल, वॉल्टरचं हृदय आधीच… … सूप ठेवलं त्याच्या जरा आधी. … तळहात, हो. … ओठ जरा जड झालेत. … बरं. वॉल्टरला करू दे ॲम्ब्युलन्सला, त्याच्या फोनवरून. सांग, गिरणीच्या पुढचं वळण. … दार उघडंच आहे. कडी कोण लावतं इथं."

आता त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. बंद डब्यात माशी शिरल्यासारखा. त्यानं नवं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"… अगं, नवं असलं म्हणून काय झालं? उद्या तेही गुलाबी होणार. तूच सांगितलंस आत्ता. म्हणजे ते आत दडलेलं आहेच की!"

युक्तिवाद बिनतोड होता. ओठ सुजलेले असताना तो मांडणं तेवढं जड जात होतं.

"… मधाचं नाव काढू नकोस. … झेनिया, मधाचं मधे आणू नकोस, सांगून ठेवतो. … आठवतं. विसरेन होय. … हो, गोठला होता! कॅनोलाच्या फुलांचा मध गोठतोच. बरणीत भरला की लोण्यासारखा होतो, यात माझा काय… … हो, म्हणाले साखर घातली. सगळं गाव म्हणत होतं. बरण्या आणून ठेवल्या चर्चच्या पायऱ्यांवर, येताजाता सगळ्यांना दिसाव्यात अशा. स्टेफा बाजारात जाईना. … मी एक चिमूट साखर घातली नव्हती! मी त्यांना दारोदार जाऊन सांगितलं, की कुणी काही मिसळत नाही, मध ठेवला की त्याचं आपोआपच…"

ओरेस्तनं गुलाबी पेन जवळ ओढलं.

सूप उतू जाऊन शेगडीवर चरचरलं. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. तो पेनाच्या छोट्या खिडकीकडे पाहत होता, एखादा माणूस भर बाजारात आपल्याच नावाची पाटी वाचतो तसा.

"… हो. … ऐकतोय. … तू आली होतीस. गाडी घेऊन. सगळ्या बरण्या घेऊन गेलीस. … वर्षभर खाल्लात? … कधी विचारलंही नाहीस मला, साखर घातली का म्हणून. … … हो, नवंच घेतो. … कुठलं टोपण? निळं. … काढलं. … नारिंगी टोक मांडीकडे. … पँटवरूनच? चर्चची पँट आहे ही. … बरं, बरं, शिव्या देऊ नकोस, रविवार आहे."

खटका वाजला.

"… आई गं! … नाही, आईला नाही, पेनाला म्हणालो. … धरून ठेवलंय. … आता काढू? … काढलं. … आडवा होतो. फोन… हां, आहेस ना? फरशीवर आहे. पाय खुर्चीवर टाकलेत. … धडधडतंय. हात बघ कसे नाचतायत. … तरुणबिरुण काही वाटत नाही, हे नोंदवून ठेव. याच्यासाठी कुणी पोरं पळवत असेल, तर त्यांना कुणीतरी फसवलंय. … हसलीस? … मग रडतेस? एक काहीतरी कर. … हो, येतोय श्वास. मघापेक्षा बरा येतोय. … सूप करपलं, झेनिया. … नाही उठत. करपू दे."

टेबलाखालून स्वयंपाकघर वेगळंच दिसत होतं. स्टेफा गेल्यापासून तिथं खालून कुणी झाडलं नव्हतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"… बोलत राहा. काहीही बोल. … आईचं बोललीस तरी चालेल. … नाही, रागावलो नाही. … मग कशाला काढलं होतंस? … … कुणीच फोन करत नव्हतं तिला, इस्पितळात? … इतक्या वर्षांत? … बाबांकडे फोन नव्हता म्हणून असेल. … … होता?"

फोन कानाला घट्ट लागलेला होता.

"… आहे, आहे, शुद्धीत आहे. … म्हणून तू दर रविवारी. मला वाटायचं, माझ्यावर पाळत ठेवतेस. … तीही ठेवतेस? बरं. ठेव. … थांब, गाडी आली. … ॲम्ब्युलन्स नाही, लॉयड आहे. गावच्या मदतपथकात आहे ना तो, त्यांनी आधी त्याला पाठवलं असणार. औषधांची पेटी घेऊन धावतोय. लॉयडला धावताना मी पहिल्यांदाच बघतोय, तुला दाखवायला हवं होतं. … लॉयड, इकडे! खाली! टेबलापाशी! … विचारतोय, पेन टोचलंस का. … टोचलं, लॉयड. … म्हणतोय, शाबास, नाहीतर मला टोचावं लागलं असतं. … कशानं टोचणार होतास रे? … काय? तुझ्या पेटीत असतं हे? … म्हणतोय, असतंच, त्याशिवाय पेटी देत नाहीत. … नाही, झेनिया, आता कसं विचारू त्याला, तो माझा रक्तदाब बघतोय. … विचारीन. आमची कॉफी व्हायचीच आहे अजून. … लॉयड, ते दुसरं नको उचलू, ते जुनं आहे. … हो, गुलाबी. … काही नाही रे, उन्हात राहिलंय. सांगतो नंतर."

दूरवर, कॅनोलाच्या शेतांपलीकडून भोंगा ऐकू येऊ लागला.

"… इस्पितळात नेणार. रात्रभर ठेवतील कदाचित, दुखणं पुन्हा उलटतं म्हणे कधीकधी. … तू कशाला येतेस एवढ्या लांब? … ये मग. … हो, नवं पेन मागून घेतो. ट्रकमध्ये नाही ठेवत. … लॉयड म्हणतोय फोन ठेव, बोलू नकोस. … ठेवतो रे, एक मिनिट! … अगं ऐक ना. … पुढच्या आठवड्यापासून रविवारपर्यंत थांबू नकोस. रविवार फार लांब पडतो. … बुधवारी पण कर. … नाही, काम काही नाही. … नाही, व्हिडिओ नाही पाठवत. … नुसताच कर."